जागा पुरत नाही

निपाणीतल्या एका फ्लेक्सच्या दुकानात परवा दोघेजण पुण्यतिथीचा बोर्ड करून घ्यायला आले होते. आठ बाय सहाचा. फोटो व्हॉट्सॲपवर फिरून फिरून आलेला, मोठा केला की साहेबांच्या गालांचे चौकोन पडायचे. ते निस्तरण्यातच पाव तास गेला. मग मजकूर. साठ टक्के कन्नड हवं हा नियम खरं तर दुकानांच्या नामफलकांसाठी आहे. पण इकडचे फ्लेक्सवाले पुण्यतिथीच्या बोर्डालाही तोच लावतात, कारण रात्री कुणी बोर्ड फाडला तर सकाळी गिऱ्हाईक भांडायला यांच्याकडेच येतं. म्हणून वर मोठ्या अक्षरांत कन्नड: कार्मिक मुखंडरु, माजी शासकरु. खाली मराठी: कामगार नेते, माजी आमदार. त्यात वरच्या पट्टीत हयात पुढाऱ्यांची सात गोल डोकी, खाली ‘शोकाकुल’ म्हणून चौदा नावं. ऑपरेटर पोरानं अक्षरं लहान करून पाहिली, ओळी जवळ आणून पाहिल्या, आणि शेवटी मान वर करून म्हणाला, “अण्णा, ह्यातलं एक कायतर काढाय लागतंय. जागा पुरंना.” दोघांतला वयस्कर गडी क्षणभरही थांबला नाही. “कामगार नेते काढ. माजी आमदार ऱ्हाऊ दे. कोण हुता त्यो, लोकान्ला कळाय नको?”

कोण होता तो?

नाव सांगण्यात अर्थ नाही. सीमाभागात अशी माणसं गावोगावी एखाददुसरी होऊन गेली. बेळगावात उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांत, वडगाव-खासबागेत मागांवर, गोकाकला गिरणीत, निपाणीत तंबाखूच्या वखारींत. आयुष्याचा साचा इतका सारखा, की एकाचं सांगितलं तर दुसऱ्याच्या घरचे म्हणतील, हे आमच्याच अण्णांचं. बहुतेक जण मुळात कामगार नसतात. मास्तर, वकिलाकडचा उमेदवार, नाहीतर कॉलेजात शिकवणारा कुणी. वखारीत पहिल्यांदा आत जातात ते कुणाच्या तरी बाळंतपणाची किंवा कुणाला कामावरून काढल्याची भानगड सोडवायला. आणि आत गेले की खोकतात.

वखारीतला पहिला खोकला विसरता येत नाही. तंबाखू चाळताना, पाखडताना जो खकाणा उठतो तो नाकातून थेट कपाळात चढतो. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं माल उडतो. पंखा नाही, त्याचंही कारण तेच. बायका पदर नाकावरून मागं नेऊन घट्ट गाठ मारतात, रांगेनं बसतात, आणि चाळण्यांचा एकसारखा खसखस आवाज दिवसभर चालतो. दुपारी भाकरी सोडली तरी बोटांचा वास घासाला लागतो. नव्या पोरींना पहिले काही दिवस गरगरतं, ओकाऱ्या होतात. जुन्या म्हणतात, गूळ खा, उतरतंय. म्हणूनच मागण्यांच्या जुन्या यादीत पगाराच्या खाली गूळ असायचा, मग तोंडाला बांधायला फडकं, मग संडास, मग पाळणाघर. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला गुळाची मागणी पोरकट वाटायची. पण गूळ मालक लगेच कबूल करतो, आणि एक मागणी पदरात पडली की दुसरीसाठी बायका थांबतात. कसलेला नेता यादीत एक तरी गूळ ठेवतोच.

संघटना कागदावर उभी करायला १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानं सातच सह्या पुरत. २००१ च्या दुरुस्तीनंतर त्या सातांबरोबर दहा टक्के किंवा शंभर कामगारांची, जे कमी असेल त्याची, अट आली. पण नोंदणीचा दाखला म्हणजे संघटना नव्हे. संघटना म्हणजे पावतीपुस्तक. महिन्याची वर्गणी किती हे गौण. ती पगाराच्याच दिवशी, वखारीपासून थोडं लांब, पण बाई घरी पोचायच्या आत घ्यावी लागते. घरी पोचली की त्या पैशाला सतरा वाटा फुटतात. पावती फाडताना नाव विचारायचं, आणि तिथंच खरं काम सुरू होतं. कारण मालकाच्या हजेरीपुस्तकात तीच बाई दोन-अडीच महिने शांता असते, मग चार दिवस खाडा, मग सावित्री. वर्षात २४० दिवस भरून नोकरी सलग धरली जाऊ द्यायची नाही, एवढाच त्यातला हेतू. दिवस भरल्याचं सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये कर्नाटकातल्याच एका खटल्यात म्हटलं. तिला द्यायला मालकाकडचा कागद नाही. मग नेता तिला घरातल्या कॅलेंडरवर कामाच्या दिवशी फुली मारायला शिकवतो. बारा महिने फुल्या, आणि दर महिन्याला संघटनेची तारखेसह पावती, तीही एकाच नावानं. कोर्टात हा पुरावा लंगडा ठरतो, पण कामगार खात्याच्या साहेबापुढच्या टेबलावर शंभर कॅलेंडरं एकदम ठेवली की मालकाचा वकील पाणी मागतो.

हे कशासाठी, तर ग्रॅच्युइटीसाठी. रोज ३०० रुपये धरला, तर वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबानं वीस वर्षांचे ९०,००० होतात. तेच काम हंगामी ठरलं तर हंगामाला सातच दिवस, म्हणजे ४२,०००. एका ‘हंगामी’ शब्दाची किंमत ४८,००० रुपये. ज्याला हा हिशेब चाळणीच्या आवाजात ओरडून, अडाणी बाईला कळेल असा सांगता येतो तो नेता. बाकीचे भाषणं करतात.

संपाचंही तसंच. बाहेरच्याला वाटतं संप चिडून होतो. चिडून केलेला संप चौथ्या दिवशी फुटतो. मोसम पाहावा लागतो: पाऊस तोंडावर आलाय, माल पोत्यांत भरून व्हायचाय, ओल लागली तर बुरशी धरेल, अशा आठवड्यात मालक नरम असतो. दुसरी चौकशी गल्लीतल्या किराणा दुकानदारांकडं करायची, उधारी किती दिवस द्याल म्हणून. तो आठ दिवस म्हणाला तर संप सहा दिवसांचाच धरायचा. घरी बिड्या वळणाऱ्यांचा संप त्याहून अवघड. प्रत्येकीचं घर हाच कारखाना, ठेकेदार मागच्या दारानं पान-तंबाखू देऊन जातो, आणि हजारातल्या किती बिड्या तो ‘छाट’ म्हणून बाजूला काढेल याचा धाक कायम. १९६६ च्या बिडी कायद्यात यासाठी तरतुदी होत्या. ठेकेदाराच्या टोपलीपर्यंत त्या पोचवायला दारोदार हिंडावं लागे. शेवटी करार होतो तेव्हा जुन्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची दोन कलमं नेत्याच्या जिभेवर असावी लागत. मालकाशी परस्पर केलेला करार, म्हणजे ‘अठरा-एक’, सही करणाऱ्यांपुरता. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला, ज्याला सगळे नुसतं ‘बारा-तीन’ म्हणत, तो सही न करणाऱ्यांनाही, पुढं कामाला लागणाऱ्यांनाही लागू. घाईत अठरा-एक वर सही करून आलेला नेता गल्लीत तोंड दाखवू शकत नसे, कारण शेजारणीला वाढ मिळाली आणि आपल्याला नाही, हे बायका विसरत नाहीत.

वखारीची रांग भाषा बघून बसत नाही. निपाणी-चिकोडी पट्ट्यात एका चाळणीवर मराठी, दुसरीवर कन्नड, तिसरीवर उर्दू. गेटसभा वीस मिनिटांची, कारण नळाला पाणी यायची वेळ असते. त्यात पंधरा मिनिटं मराठी नि पाच कन्नड अशी वाटणी. तरी काही अडत नाही. पगार कन्नडमध्येही पगार. हजेरी म्हणजे हाजरी, रजा ती रजाच, बोनस तर कुणाचाच नाही म्हणून सगळ्यांचा. करार करारु होतो, पावती पावतीच राहते, वखारीची वखारी होते. संपाला तेवढा मुष्कर म्हणायचं. मजुरीचा सगळा शब्दसाठा दोन्ही बाजूंचा सामाईक. भाषेच्या अभ्यासकांनी यावर कधी लिहिलं पाहिजे. आम्हा सीमाभागातल्यांना भाषा म्हटलं की पाटीच आठवते.

पण माणूस पुढं जातो तो नुसत्या मजुरीच्या जोरावर नाही. करार झाला की बाई रेशनकार्ड घेऊन येते. मग दारुड्या नवऱ्याची तक्रार, मग पोराचा दाखला, मग देवाला सोडलेल्या पोरीचा प्रश्न, मग पोलीस ठाणं. चार-पाच वर्षांत तो सगळ्या कचेऱ्यांच्या जिन्यांवर ओळखीचा होतो. आणि निपाणीत तर इतिहासच धक्का मारत होता. १९८० च्या आसपास वखारीतल्या बायका संघटित होत होत्या, तेवढ्यात १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक भावासाठी पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर येऊन बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. शेतकऱ्याला भाव वाढवून हवा, वखारवाला म्हणणार, मग मजुरी वाढवायची कुठून? दोघांच्या मधे उभा राहिलेला वखारीचा नेता त्या दिवसांत नुसता कामगारांचा राहिला नाही. त्याचा शब्द रानापर्यंत गेला. आमदारकीची वाट तिथून सुरू होते, युनियनच्या कचेरीतून नव्हे.

आणि या वाटेवर, इकडं, सीमाप्रश्न आडवा असतो. तो टाळून मराठी माणसाला राजकारण करता येत नसे. टाळावा असंही नाही. १७ जानेवारी १९५६ च्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते आहेत, हे या गावात कुणाला सांगावं लागत नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालवणारे तरी कोण होते? डांगे गिरणी कामगारांचे, एस. एम. जोशी संरक्षण खात्यातल्या कामगारांचे. पुढं सीमाभागाची बाजू आयुष्यभर लढवणारे एन. डी. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे, आणि त्यांचं जाणंही २०२२ च्या १७ जानेवारीला झालं. तेव्हा लाल झेंड्याकडून भगव्याकडं येताना कुणाला आपण पक्ष बदलतोय असं वाटलंच नाही. मोर्चे तेच, कोठडी तीच, साराबंदी असो की संप, पोलिसांची काठीही तीच.

तरी काहीतरी बदलत होतं, आणि ते रांगेत बसलेल्यांना आधी कळलं.

१ नोव्हेंबर हा इकडं काळा दिन. काळ्या फिती, मूक फेरी. त्या फेरीत वखारीचा मराठी मालक आणि त्याच्याकडं चाळणीवर बसणारी मराठी बाई एकाच ओळीतून चालतात, आणि नेता पुढं. हाच दिवस कर्नाटकच्या सण-सुट्ट्यांच्या कायद्यात राज्योत्सवाची, म्हणजे राज्याच्या स्थापनादिनाची, भरपगारी सुट्टी म्हणून आहे. म्हणजे काळ्या दिनाचा पगार बाईला मिळवून द्यायचा, तर नेत्यानं राज्योत्सवाची सुट्टी म्हणूनच तो मागायला हवा. युनियनचा माणूस हे अर्ज खाली मान घालून लिहितो, कारण तीनशे रुपये तीनशे रुपये असतात. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार झालेला माणूस लिहीत नाही. मालकही सुखावतो: फेरीत आलाच होता की, आता पगाराचं कुठं काढता? आणि शेजारच्या चाळणीवरची कन्नड बाई, जिनं त्याच नेत्याच्या शब्दावर सहा दिवस चूल अर्धी ठेवली होती, ती त्या दिवशी घरी असते. दुसऱ्या दिवशी येते, बसते, काही बोलत नाही. पुढच्या महिन्याची वर्गणीही देते. त्याच्यापुढच्या महिन्याची देत नाही.

हे लिहिताना सीमाभागातल्या मराठी वाचकाला टोचेल, ठाऊक आहे. मराठीच्या हक्काचं दुखणं खरं आहे. पंधरा टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, ही जुनी, मान्य झालेली गोष्ट; तरी कामगार खात्याची नोटीस वखारीतल्या मराठी बाईच्या हातात कन्नडमध्येच पडते आणि ती अंगठा कशावर उठवतेय हे तिला कळत नाही. हा प्रश्न भाषेचा की मजुरीचा? ज्या नेत्यांनी तो मजुरीचा म्हणून मांडला, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत करार द्या, कन्नडवालीला कन्नडमध्ये, मराठीवालीला मराठीत, त्यांच्या मागं सगळी रांग उभी राहिली. ज्यांनी तो पाटीचा केला त्यांच्या मागं अर्धी. माझ्या मते दुसरी वाट त्यांनी लबाडीनं धरली नाही. ती सोपी होती, आणि टाळ्या तिकडं जास्त होत्या.

निवडणुकीचं गणित तर वेगळंच. समजा सभासद तीन हजार. त्यांतल्या काही बायका रोज कागल तालुक्यातून येतात. त्यांचं मत महाराष्ट्रात, सीमा ओलांडून यायची ती फक्त मजुरी. उरलेल्यांचं घर धरलं तरी दहा-बारा हजारांवर मजल जात नाही, आणि आमदारकीला पन्नास-साठ हजार लागतात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला नि समितीवाल्याला दहा. चिन्ह मिळतं अर्ज मागं घ्यायची मुदत संपल्यावर, मतदानाआधी जेमतेम पंधरवडाभर. पोलिंग एजंट म्हणून वखारीतल्या बायका बसवल्या तर त्या मतदारयादी वाचून दाखवणाऱ्यापेक्षा चेहरे जास्त ओळखतात, बोगस मतदान त्यांच्यापुढं टिकत नाही. हा युनियनचा खरा उपयोग. पण त्यांची त्या दिवसाची मजुरी कुणी द्यायची? इथं पाय घसरतो. संघटनेच्या सर्वसाधारण निधीतून निवडणुकीला रुपया घालता येत नाही. कायद्यानं वेगळा राजकीय निधी सांगितलाय, त्याची वर्गणी ऐच्छिक, आणि न देणारीला संघटनेत कमी लेखायचं नाही. म्हणजे दोन पावतीपुस्तकं हवीत. प्रचाराच्या धांदलीत दुसरं छापून घ्यायचं राहतं. जीपच्या डिझेलला पहिल्यातूनच पैसे जातात, ‘नंतर भरू’ म्हणून. वार्षिक विवरणपत्र देताना आकडे जुळत नाहीत, मग ते पाठवायचंच राहतं, आणि विवरणपत्रं थकली की निबंधकाला नोंदणी रद्द करायचा अधिकार असतो. किती तरी संघटना दडपशाहीनं नाही, अशा डिझेलनं संपल्या.

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर दिसलं. मंगळुरूचे जॉर्ज फर्नांडिस मुंबईच्या टॅक्सीवाल्यांचे, महापालिका कामगारांचे नेते म्हणून १९६७ मध्ये स. का. पाटलांना हरवून लोकसभेत गेले. त्यांना कुणी तुझी भाषा कोणती विचारलं नाही. दत्ता सामंत १९८४ मध्ये निवडून आले तेव्हा १९८२ च्या संपातले गिरणी कामगार घरी बसले होते, आणि त्यांतले कितीक खानापूर-चंदगडकडं परतून आले होते. नेता दिल्लीत आणि कामगार गावच्या एसटी स्टँडवर, हे चित्र बेळगावकरांनी पेपरात नाही, घरात पाहिलंय.

निवडून आल्यावर कायदा आडवा येत नाही. आमदाराला संघटनेचं अध्यक्षपद ठेवता येतं. मंत्री झाला तर सोडावं लागतं. तरी ते सुटतंच. आधी पैसा बाईकडून त्याच्याकडं येत होता, महिन्याला, पावतीवर, म्हणून ती विचारू शकत होती: “अण्णा, मागल्या येळचा हिशोब कुठाय?” आता पैसा त्याच्याकडून तिच्याकडं जायला लागतो. समाजमंदिराला पत्रे, गणपतीला वर्गणी, लग्नाला भांडी. घेणारी हिशेब मागत नाही, हात जोडते. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा बाहेरच्या मांडवांत राज्यभरातल्या कामगार बायका थंडीत बसतात. कधीकाळी त्याच मांडवात सतरंजीवर बसणारा माणूस गाडीतून आत जाताना काच खाली करून हात करतो. काच खाली करतो, हे त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे. सगळे करत नाहीत.

पुढच्या निवडणुकीत तो पडतो. अनामत वाचते कधी, कधी एक षष्ठांश मतंही मिळत नाहीत. मग माजीपणाची पंचवीस-तीस वर्षं. कार्यक्रमाला पहिल्या रांगेतली खुर्ची, मग दुसऱ्या. युनियनच्या जुन्या कचेरीच्या जागी मोबाइलचं दुकान. वखारी आता कमी झाल्या, बिड्याही. ज्या बायकांनी फुल्या मारल्या त्यांतल्या काहींना ग्रॅच्युइटी मिळाली, त्या पैशातून कुणी घरावर पत्रा घातला, कुणी जावयाला दिले. पत्रा घातलेलं घर दाखवायला त्या अजून अंगणात येतात, आणि त्याचं नाव घेताना ‘आमदार’ म्हणत नाहीत. मराठी ‘आमचं सर’ म्हणते, कन्नड ‘नम्म सर’.

दुकानातल्या पोरानं सांगितल्याप्रमाणे ती ओळ काढली. आधी मराठीतली, मग कन्नडमधली, आणि मोकळ्या झालेल्या जागेत सात डोकी थोडी मोठी करून बसवली. माजी, माजी, एक वर, एक खाली. तो शब्दही दोन्हीकडं तोच. आठ सक अठ्ठेचाळीस फूट, बारा रुपयांनी ५७६. वयस्कर गड्यानं साडेपाचशे काढून काउंटरवर ठेवले. पोरानं ड्रॉवर उघडत विचारलं, “अण्णा, पावती लागती काय? लागली तर जीएसटी बसंल.”

“नको नको,” तो म्हणाला. “पावतीला काय करतोस.”